कपड्यांत जीव गुदमरतो, काय करू?

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांचा, सोलापूरचा. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅचला आहे. घरी आई-वडील, बायको आणि आठवीतली मुलगी. मे महिन्यात बायको मुलीला घेऊन माहेरी कलबुर्गीला गेली, आई-वडील बहिणीकडे होते. चार दिवस घरात मी एकटाच. उकाडा एवढा की अंगावर काहीच न घालता राहिलो. तसाच पिठलं केलं, शेंगाची चटणी-भाकरी खाल्ली, पेपर वाचला, झोपलो. वेडंवाकडं काही मनात नव्हतं. पण इतकं मोकळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मग मोबाईलवर वाचलं की परदेशात याला नॅचरिझम म्हणतात, त्याची गावं आहेत, किनारे आहेत. बायको आल्यावर तिला विश्वासाने सांगितलं, तर ती म्हणाली, "येड लागलंय काय तुम्हाला? घरात पोरगी मोठी होतीय." तेव्हापासून ती मुलीला घेऊन आतल्या खोलीत झोपते. माझ्या पाठीवर कॉलेजपासून कोडाचे डाग आहेत, पण त्याचा इथे संबंध नाही. मोबाईलवर एक ग्रुप सापडलाय, पुण्याजवळ फार्महाऊसवर जमतात म्हणे. सभासद व्हायला पाच हजार आणि एक पूर्ण फोटो मागतात. मी विकृत आहे का? ग्रुपमध्ये जाऊ का? बायकोला कसं पटवू?
(नाव छापू नये)

उत्तर : सगळ्यात आधी पैशाचं, बाकीचं सावकाश बोलू. त्या ग्रुपला पाच हजार भरू नका आणि फोटो तर मुळीच पाठवू नका. जगात जिथे हे लोक रीतसर एकत्र येतात तिथे कॅमेऱ्याबद्दल फार कडक असतात. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, टक लावून बघायचं नाही, चाळे करायचे नाहीत, आणि कुठेही बसायचं ते स्वतःचा टॉवेल अंथरून. (हो, टॉवेल. तुम्ही डिस्पॅचला आहात म्हणून मुद्दाम सांगते. अंगावर चिंधी नसलेल्या माणसाच्या खांद्यावरही तिथे टॉवेल असतोच. आपल्या सोलापूरचा माल कुठे कुठे अंथरला जात असेल, देव जाणे.) अशा जागी पाऊल टाकण्याआधीच जो तुमचा उघडा फोटो मागतो, त्याला या विषयाशी काही घेणंदेणं नाही. त्याचं पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : आणखी वीस हजार टाका, नाहीतर फोटो तुमच्या नातेवाइकांना जाईल. लाजेपोटी माणसं पैसे भरत राहतात आणि पोलिसांत जात नाहीत, याच भरवशावर हा धंदा चालतो. फोटो आधीच पाठवून बसला असाल तर एक रुपयाही देऊ नका, चॅट पुसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा. तक्रार लिहून घेताना कुणी गालातल्या गालात हसलं, तर हसू दे.

कायद्याचंही उरकून घेऊ. घराच्या चार भिंतींत, बाहेर कुणाला दिसत नसताना तुम्ही काय घालता यात कायदा पडत नाही. मात्र कपड्यांशिवाय वावरायची अधिकृत परवानगी असलेला एकही किनारा भारतात नाही. चारचौघांत अश्लील कृत्य करून दुसऱ्याला त्रास दिला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ लागतं. जुन्या दंडविधानात तेच २९४ होतं. तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फोटो इंटरनेटवर टाकला की मामला आणखी जड होतो. अश्लील मजकुरासाठी आयटी कायद्याच्या कलम ६७ मध्ये पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. मिलिंद सोमण २०२० मध्ये आपल्या ५५व्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर तसाच धावला आणि फोटो टाकला, तेव्हा गोवा पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता. त्याच्याच १९९५ च्या बुटांच्या जाहिरातीचा खटला २००९ पर्यंत चालला, मग सुटका झाली. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये, टेनिसपटू बोरिस बेकरच्या एका छापील फोटोच्या प्रकरणात, केवळ उघडं अंग दिसतंय म्हणून चित्र अश्लील ठरत नाही, संदर्भ बघावा लागतो, असं म्हटलं. निकाल मला पटतो. पण तो फोटो १९९३ मध्ये छापलेला होता आणि निकाल यायला वीस वर्षं गेली. आपल्याकडे गच्चीला गच्ची लागून असते. समोरच्या काकूंना तुम्ही दिसलात, तर कोर्टाच्या कितीतरी आधी गल्लीचा निकाल लागेल.

आता पहिला प्रश्न. नाही, तुम्ही विकृत नाही. समोरच्याला नको असताना त्याला आपलं अंग दाखवण्यात ज्याला मजा येते, त्याचं दुखणं वेगळं आहे आणि त्याने खरंच डॉक्टरकडे जावं. तुम्ही चार दिवसांत पिठलं केलंत आणि पेपर वाचलात. यात काळजी करावी असं मला काही दिसत नाही. पिठल्याचे शिंतोडे उडत असताना एक ॲप्रन तरी बांधायला हवा होतात, एवढंच म्हणेन.

या लोकांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने १९७४ मध्ये फ्रान्समधल्या आग्द इथे आपल्या विचाराची व्याख्या ठरवली. मथितार्थ असा की निसर्गाशी जुळवून जगायचं, एकत्र विवस्त्र राहायचं, आणि ते कशासाठी, तर स्वतःचा, दुसऱ्याचा आणि भोवतालच्या सृष्टीचा मान राखता यावा म्हणून. यातल्या 'दुसऱ्याचा' या भागाकडे आपण नंतर येऊ, तुमच्या घरात घोडं तिथेच अडलंय.

आणि हे गोऱ्यांच्या देशातलं खूळ आहे असं तुमची बायको म्हणालीच, तर तिला ठाण्याची गोष्ट सांगा. अशा प्रकारचा जगातला पहिला म्हणून जो क्लब ओळखला जातो तो निघाला १८९१ साली, आणि निघाला तो ठाण्यात. स्थापना करणारा साधासुधा माणूस नव्हता, ठाण्याचा जिल्हा न्यायाधीश होता, चार्ल्स क्रॉफर्ड नावाचा. सभासद मोजून तीन. इंग्लंडमधल्या एडवर्ड कार्पेंटर या लेखकाला क्रॉफर्डने पत्रं लिहिली म्हणून हे सगळं आज आपल्याला कळतं. पुढच्याच वर्षी साहेबांची बदली झाली रत्नागिरीला आणि क्लब संपला. सरकारी नोकरीत दुसरं काय होणार! पण माणूस गोराच होता, हेही खरं. कोटटायच्या आत घामाघूम होऊन कोर्टात बसणाऱ्या साहेबाला ते कपडे कधी एकदा फेकून देतो असं झालं असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

आपल्या सोलापूरला तर उघडं अंग नवीन नाहीच. दिगंबर मुनींचा विहार रस्त्याने जातो तेव्हा दुकानदार गल्ला सोडून हात जोडतात. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवण्याचं व्रत, घेतली ती इथून फार लांब नसलेल्या कुंथलगिरीला. बाराव्या शतकातली संत कवयित्री अक्कमहादेवी वस्त्रं टाकून केसांनी अंग झाकत निघाली ती शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांबरोबरच्या शिवभक्तांच्या मेळ्यात, आपले सिद्धरामेश्वर ज्या मेळ्यात होते त्याच. कल्याणला (ठाण्याजवळचं नव्हे, आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) त्या मेळ्यातल्या अल्लमप्रभूंनी तिला अडवून प्रश्न विचारले, अशी कथा आहे. म्हणजे बाईने वस्त्र टाकलं की तिला जाब द्यावा लागतो, हे तेव्हाही चुकलं नव्हतं.

पण या दाखल्यांचा आधार घेऊन बायकोशी वाद घालू नका. त्या मंडळींनी कपड्यांआधी घर, पैसा, जेवणाची चव, सगळं टाकलं होतं. तुम्हाला सोमवारी डिस्पॅचला जायचंय आणि पिठलंही हवंय. तुमची जात त्या जर्मन कारकुनांची, जे आठवडाभर कचेरीत बसून रविवारी तळ्याकाठी कपडे काढून पडत. त्यात वाईट काही नाही, पण त्याला वैराग्याचा मुलामा देऊ नये.

त्या जर्मनांबद्दल आणखी एक. उत्तर युरोपात हे लोण पसरलं त्यामागे उन्हाची भूक होती. सहा-सहा महिने ढगाळ हवा, कारखान्यांचा धूर, अंधाऱ्या खोल्या, क्षय. डॉक्टर मंडळी रोग्यांना उन्हात झोपवायची. १९०३ मध्ये हँबुर्गजवळ त्यांचं पहिलं 'उघड्या उजेडाचं' उद्यान निघालं. आपल्याकडे पारा ४३ वर जातो तेव्हा स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळं गुंडाळून निघतात, आणि शहाण्या आहेत त्या. म्हणून त्या साइटवरचे वाळूत पडलेल्या लोकांचे फोटो बघून दुपारी गच्चीवर जाऊ नका. तुमच्या बाबतीत तर हे जास्तच महत्त्वाचं आहे.

का, ते सांगते. तुम्ही लिहिलंत, पाठीवर कोड आहे, पण त्याचा इथे संबंध नाही. मी पत्र परत परत वाचलं आणि मला वाटतं, संबंध आहे. कॉलेजपासून म्हणजे वीस-बावीस वर्षं झाली. या वर्षांत तुम्ही किती जणांसमोर बनियन काढलंय? लग्नात हळद लागली तेव्हा काय केलंत? पोहायला जाता का? गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत घामाने शर्ट पाठीला चिकटतो, तेव्हा मागून कोण चालतंय हे बघता का? ही उत्तरं मला नको आहेत, तुमची तुम्हीच द्या. चार दिवसांत जे मोकळं वाटलं ते उकाड्यामुळे थोडं आणि मागे कुणी नसल्यामुळे जास्त, अशी मला दाट शंका आहे.

कोड संसर्गाने पसरत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराचीच संरक्षण यंत्रणा मारते, म्हणून पांढरे डाग पडतात. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने ते होत नाहीत, आणि कुणाच्या शापाने तर नाहीच नाही. पूर्वजन्माचं पाप वगैरे तुमच्या कानावर कुणीतरी घातलं असेलच, ते सोडून द्या. आज त्यावर मलमं आहेत, विशिष्ट अतिनील किरणांची फोटोथेरपी आहे. कुणाला गुण येतो, कुणाला कमी येतो, वेळ लागतो. कॉलेजात असताना एकदा कुणाला तरी दाखवून सोडून दिलं असेल, तर आता पुन्हा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आणि पांढऱ्या डागांना ऊन लवकर भाजतं, कारण तिथे रंगाचं संरक्षण नसतं. म्हणून दुपारची गच्ची तुमच्यासाठी वर्ज्य. पाठ उन्हात येणार असेल तर सनस्क्रीन किंवा सुती सदरा.

नॅचरिझमवाल्यांचं एक म्हणणं मात्र मला मनापासून पटतं. अशा जागी पहिले काही क्षण अवघड जातात आणि मग लक्षात येतं की सुटलेली पोटं, ऑपरेशनचे व्रण, डाग, लोंबणारी कातडी सगळ्यांकडेच आहे. कुणाला कुणाचं काही वाटत नाही. सिनेमातलं अंग बघून बघून आपल्याला खऱ्या अंगाची सवयच राहिलेली नाही. तुम्हाला हे हवं असणार. पण त्यासाठी पुण्याजवळचं फार्महाऊस लागत नाही. ज्या बाईबरोबर तुम्ही इतकी वर्षं संसार केला, तिने तुमची पाठ दिव्याच्या उजेडात कधी पाहिली आहे? की दर वेळी आधी बटण बंद होतं?

आता बायको. ती घाबरलीय. तिने ऐकलं ते असं की नवरा घरात उघडा फिरणार, आणि घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी. युरोपात कुटुंबंच्या कुटुंबं अशा ठिकाणी जातात, हे तिला सांगायला जाऊ नका. तिथे मुलं त्यातच वाढलेली असतात, तुमची मुलगी वाढलेली नाही. मुलीसमोर नाही, मुलगी घरात असताना कडी लावलेल्या खोलीबाहेर नाही, यात चर्चा नको. हे तुम्ही आपण होऊन, स्वच्छ शब्दांत, बायकोला सांगा. तिने अट घालायची वाट बघू नका. आई-वडिलांसमोरही अर्थातच नाही. म्हातारपणी त्यांना कशाला धक्के?

मग स्वतःला एक विचारा. तुम्ही म्हणता तुम्हाला कपड्यांत गुदमरतं. तुमच्या घरात सगळ्यात जास्त कपडे कोण घालतं? तुम्ही लिहिलेलं नाही, पण सासरे घरात म्हटल्यावर मी अंदाज करू शकते. मे महिन्यात रात्री तुम्ही बर्मुडा आणि बनियनवर कट्ट्यावर वारा खात बसता, तुमचे वडील लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून. आणि ती? पाचवारी नाहीतर ड्रेस-ओढणी, त्यातच ओट्याशी भाकऱ्या थापते, त्यातच भांडी आवरते, त्यातच झोपते. गाऊन घालायची मुभा असलीच तर ती झोपायच्या खोलीपुरती. दुपारी भाजीवाल्याने हाक मारली की आपल्याकडच्या बायका गाऊनवर टॉवेल टाकून दार उघडतात, बघितलंय ना? त्या टॉवेलचं कापड कदाचित तुमच्याच लूमवरचं असेल. ४३ डिग्रीत अंगावर दोन थर, वर तिसरा टॉवेल, कशासाठी, तर मेथीची जुडी घ्यायला.

अशा बाईला तुम्ही येऊन सांगितलंत की मला कपड्यांपासून मोकळीक हवी. तिच्या जागी मी असते तर लाटणंच हाती घेतलं असतं. तिचा राग तुमच्या उघडेपणावर आहे असं तुम्ही समजताय. मला वाटतं, तिला न विचारता तुम्ही एकट्यासाठी मोकळीक मागताय, याचाही त्यात वाटा आहे. हे तिला शब्दांत सांगता येत नसेल, म्हणून 'येड लागलंय' एवढंच बाहेर पडलं.

तेव्हा 'कसं पटवू' हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी तिला आतल्या खोलीतून परत यावंसं वाटू दे. एखाद्या रात्री मुलगी झोपल्यावर दोघंच गच्चीवर बसा, कपडे घालून. चार दिवसांत काय वाटलं ते पुन्हा सांगा, पण या वेळी मोबाईलवर वाचलेलं नको. पाठीचं सांगा. कॉलेजात कोण हसलं होतं, लग्न ठरताना ते डाग कुणी लपवायला सांगितले होते की नाही, सगळं. नॅचरिझम हा शब्द काढलाच नाही तर उत्तम. ती गप्प बसली तर बसू दे. लगेच उत्तर मागू नका.

तुम्हाला पुढेही कधी एकट्याने तसं राहावंसं वाटलं, घरात कुणी नसलं, कडी लावलेली असली, पडदे ओढलेले असले, तर राहा खुशाल. त्यासाठी माझीही परवानगी नको आणि त्या ग्रुपचीही नको. पण तिला माहीत असू दे. चोरून केलेल्या गोष्टीत मोकळं वाटत असेल, तरी संसारात त्याचा वास येतो. तिला ते कधीच नाही पटलं, असंही होऊ शकतं. मग तेवढ्यावर भागवा. परदेशी सहलीला जाऊन एकदा त्या किनाऱ्यावर राहण्याची इच्छा असेल तर पैसे साठवा आणि मुलगी मोठी झाल्यावर दोघं ठरवा. तिथले किनारे कुठे जात नाहीत.

आत्ता मात्र एक काम आहे, आणि ते याच उन्हाळ्यातलं. घरात जाहीर करा की उद्यापासून तुमची बायको घरभर सुती गाऊनमध्ये वावरेल, वरून ओढणी नाही, टॉवेल नाही, कुणीही आलं तरी. आधी अर्थात तिला विचारून, तिला हवं असेल तरच. तुमच्या आई नाक मुरडतील, वडील पेपरमधून डोकं वर काढून काहीतरी बोलतील. त्यांना उत्तर तुम्ही द्यायचं, तिच्यावर सोडायचं नाही.